अकरावा खांब

स्वीटगमच्या शाळेत खोली एक, त्यात इयत्ता पहिली ते सातवी, पोरं एकेचाळीस आणि त्या सगळ्यांना पुरून उरणाऱ्या बाई एक. लव्हिनिया टॉलिव्हर त्यांचं नाव. अलाबामातल्या त्या कापसाच्या मुलखात आम्हा काळ्यांच्या पोरांच्या वाट्याला एवढंच आलं होतं, आणि तेही चर्चच्या माणसांनी स्वतः फळ्या ठोकून उभं केलं होतं. गोऱ्यांच्या पोरांना विटांची शाळा आणि न्यायला-आणायला बस. ती बस रोज सकाळी आमच्या पोरांच्या तोंडावर धूळ उडवत जायची. त्या शाळेत वापरून फाटली की पुस्तकं आमच्याकडे यायची, निम्मी पानं गळालेली. गळालेली पानं बाई रात्री आठवून आठवून हातानं लिहून काढायच्या. बावीस वर्षं हेच चाललं होतं. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "एकेचाळीस लेकरं आहेत की! अजून किती हवीत?"

सातवीच्या पुढं शिकायचं तर तीस मैलांवर आमच्या मुलांसाठी एकच मोठी शाळा होती. तिथं सातवीचा दाखला लागायचा, आणि दाखल्यावर शाळाखात्याच्या गोऱ्या साहेबाची सही. बाईंच्या सहीला कुत्रं विचारत नव्हतं. साहेब वर्षातून एकदा मार्च महिन्यात यायचा. खूश झाला तर सही, बिनसलं तर पोर जन्मभर कापसात. बावीस वर्षांत मिळून सह्या झाल्या होत्या पाच. पाच!

म्हणून बाई दर शुक्रवारी तालीम घ्यायच्या. स्वतःच साहेब व्हायच्या, बूट आपटत दारातून आत यायच्या आणि एकेकाला उभं करायच्या. नजर खाली. दर वाक्याला 'होय साहेब'. उत्तर येत असलं तरी लगेच द्यायचं नाही, जरा अडखळायचं, डोकं खाजवायचं. काळं पोर फार हुशार दिसलं की साहेबाच्या कपाळाला आठ्या पडतात.

"आणि बाई, साहेबच चुकला तर?" एकदा कुणीतरी विचारलं.

"साहेब चुकत नाही," बाई म्हणाल्या. पोरं खिदळली. बाई हसल्या नाहीत.

एकोणीसशे अडतीस साली सहाव्या सहीची वेळ आली. पोरगी होती क्लिओरा, अँब्रोस मेबिनची, तेरा वर्षांची. अशी पोरगी बाईंनी बावीस वर्षांत पाहिली नव्हती. पण जमिनीचा मालक अँब्रोसच्या मागं हात धुऊन लागला होता, पोरीला पूर्णवेळ शेतावर पाठव म्हणून. अँब्रोसनं कसंबसं थोपवलं होतं, "सही झाली तर शाळेत जाईल मालक, नाही झाली तर तुमच्याच शेतावर." म्हणजे जे काही व्हायचं ते त्या एका दिवसात.

हॅल्बर्टसाहेब आला तो डोक्यावरची हॅट न काढताच. बाईंना तो कधी 'मिस टॉलिव्हर' म्हणाला नाही.

"काय गं लव्हिनिया, पोरं गातात ना अजून?"

पोरं गायली. साहेबानं पायानं ठेका धरला. बाईंचा जीव जरा भांड्यात पडला. साहेबानं दाखला पुढं ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि थांबला.

"पुढं शिकणारी ती हीच का? ये फळ्यापाशी. साठ यार्डांचं सरळ कुंपण घालायचंय. दर सहा यार्डांवर एक खांब, दोन्ही टोकांना धरून. खांब किती?"

क्लिओरानं बापाबरोबर लहानपणापासून कुंपणाचे खांब धरले होते. अडखळायचं ती साफ विसरली. खडू उचलला आणि लिहून मोकळी झाली. "अकरा, साहेब."

"साठ भागिले सहा किती?"

"दहा, साहेब."

"मग अकरावा खांब काय तुझ्या बापाच्या चुलीत घालायचा?" साहेब स्वतःच्या विनोदावर हसला, आणि मग हसायचा थांबला. "हे शिकवतेस होय लव्हिनिया? आणि हिच्यासाठी सही मागतेस? नोकरी जड झालीय का तुला?" त्यानं पेनाचं टोपण लावलं.

बावीस वर्षं गिळलेलं सगळं एकदम बाईंच्या ओठांवर आलं. अरे, शेंबडं पोरही सांगेल, पहिला खांब कोण मोजणार, तुझा आजा?

"साहेब," बाई म्हणाल्या, "एक सांगते." आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. खाली घातलेल्या एकेचाळीस माना वर झाल्या.

"तू? मला सांगणार?" साहेब उठून उभा राहिला.

बाईंनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी क्लिओराच बोलली.

"चुकलं माझं, साहेब!" ती डोकं खाजवत वेडगळ हसली. तळव्यानं अकरा पुसले, दहा लिहिले. "बोटांवर मोजत बसले आणि घोटाळा झाला बघा. बाईंनी दहाच शिकवले होते. मीच मेली ढ."

नजर खाली, मान खाली. कुठं एवढीशी चूक नव्हती. साहेबाचा चेहरा सैल पडला. "ढ आहेस, पण कबूल तरी करतेस," तो म्हणाला, आणि उभ्याउभ्याच सही ठोकली.

गाडीचा आवाज दूर गेला. दाखला टेबलावर पडला होता. बाईंना वाटत होतं, पोरीला उराशी धरावं. आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं. आपण हिला अपूर्णांक शिकवले, भूगोल शिकवला, गळालेली पानं लिहून दिली, आणि हिला सगळ्यात पक्कं आलं ते हे! बाईंना स्वतःची शिसारी आली.

क्लिओरा खडूचे हात झग्याला पुसत टेबलापाशी आली. पहिला नंबर आल्यासारखा चेहरा फुलला होता तिचा.

"बरोबर केलं ना बाई?"

"खांब अकराच," बाई कशाबशा म्हणाल्या. "तुझं गणित बरोबर होतं."

"ते मला माहीतच आहे हो," क्लिओरा म्हणाली. "मी दुसरंच विचारतेय."