पदराला पुसलेले हात

माझा स्वभाव संशयी आहे. शेजारच्या होमस्टेत उतरलेला पाहुणा दात घासता घासता आमच्या कुंपणाकडे दोनदा बघायचा आणि मला वाटायचं, हा माझी पेटी बघायला आलाय. बायको म्हणायची, "अहो, तो जास्वंद बघतोय. तुम्हाला उद्या शहाळेवाल्याचाही संशय येईल." तो मला आधीच आला होता, पण मी बोललो नाही.

पेटी म्हणजे माझं काम. ती टीव्हीखाली ठेवायची. तिच्यातला कॅमेरा समोरच्या माणसाची कोपरं, मनगटं, गुडघे ओळखतो आणि माणूस हातात काहीही न धरता पडद्यावरचा खेळ खेळतो. नागावच्या घरात वाडीकडच्या खोलीत मी ती बनवत होतो. खिडकी कायम बंद, कारण वाऱ्यानं हललेली झावळी पेटीला खेळाडू वाटायची. बंद खोलीत पन्नाशीचा माणूस एकटाच उड्या मारतो म्हटल्यावर गावात बोलणं व्हायचंच. नारळ पाडायला येणाऱ्यानं एकदा बायकोला हळूच विचारलं, "काकू, काकांच्या अंगात येतं काय? देवऋषी हाय एक वळखीचा." ती पदर तोंडाला लावून हसली.

पेटीला शिकवायचं म्हणजे माणसाच्या हालचाली तिला पुन्हा पुन्हा दाखवायच्या. बाहेरच्या कुणाला खोलीत घ्यायची माझी तयारी नव्हती, म्हणून सगळ्या हालचाली बायकोच्या. खेळ सुरू करायला दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, असं ठरलं होतं. पण मी हाक मारली की ती स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी यायची. कमरेला खोचलेल्या पदराला आधी तळवे पुसायची, मग हातांच्या पाठी, मग दोन्ही मनगटं झटकायची आणि मग हात वर. इतक्या वेळा हे झालं की पेटीनं ते पुसणंच सुरुवात म्हणून धरलं. हात वर जायच्या आत खेळ सुरू.

या पेटीत माझ्याइतकाच जीव घालणारा दुसरा माणूस म्हणजे माझा कॉलेजपासूनचा मित्र. मुंबईत राहायचा. शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला उतरायचा, तिथून मी त्याला स्कूटरवर आणायचो. बायकोच्या हातच्या वालाच्या बिरड्यासाठी येतो, असं म्हणायचा. हात पुसण्याची ही चूक त्यानं लगेच हेरली. "हे काढून टाक. मोठ्या कंपनीला दाखवायचं आणि त्यात धुणीभांडी?" मी "काढतो" म्हणालो आणि काढलं नाही. बायकोला ते फार आवडलं होतं.

मग एका शनिवारी त्यानं सगळ्या कामाची एक प्रत मागून नेली, त्याच्या ओळखीच्या मोठ्या कंपनीतल्या लोकांना दाखवायला. त्या दिवशी तो जेवायला थांबला नाही. बिरडं तसंच राहिलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. पुढच्या आठवड्यात फोन आला, "त्यांना नकोय. सोडून दे." त्यानंतर शनिवार बंद झाले. फोन केला की तो मीटिंगमध्ये असायचा.

काही महिन्यांनी तसाच खेळ बाजारात आला. मी चिडून फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "असं काम जगात शंभर लोक करतायत. तुझा तर शहाळेवाल्यावरही संशय असतो." शहाळेवाल्याचं त्याला बायकोनंच हसत हसत सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर मी फोन ठेवून दिला. मला सगळ्यांचाच संशय येतो, मग या संशयाला काय किंमत? मला लुबाडलंय की माझं डोकं फिरलंय, हेच कळेना. मी खोलीत जाणं सोडलं. झोप उडाली.

बायको हे बघत होती. वाडीच्या हद्दीच्या जुन्या दाव्यासाठी अलिबागच्या कोर्टात गेलो होतो, तेव्हा तिनंच मला टीव्हीच्या एका नव्या दुकानात ओढत नेलं. तिथं तो खेळ लावला होता. ती कुल्फी खात होती, कुल्फी वितळून मनगटापर्यंत आलेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, समोर उभ्या राहा आणि दोन्ही हात वर करा."

बायकोनं काडी टाकली. पदराला तळवे पुसले, हातांच्या पाठी पुसल्या, मनगटं झटकली. पडद्यावर खेळ सुरू झाला.

"अय्या, हात वर न करताच?" मुलगी म्हणाली. "असं कधी होत नाही."

बायकोनं खेळ बंद करायला लावला आणि पुन्हा हात पुसले. पुन्हा सुरू. ती माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला, खरं सांगतो, आनंद झाला. मित्र गेला होता आणि मला आनंद झाला होता.

बाहेर येऊन मी त्याला फोन लावला. तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि मलाही ऐकू येईल असा स्पीकर लावला.

"भावोजी, तुमचा खेळ माझ्या हात पुसण्यानं कसा सुरू होतो?"

तो वैतागून म्हणाला, "वहिनी, मी त्यांना ते काढायला सांगितलं होतं."

तिनं फोन माझ्या हातात दिला. "घ्या," ती म्हणाली, "आता बोला."