सावलीतली जागा

शारजातले आमचे शेजारी बोस्नियाचे. तिकडे मंत्री होते, पुस्तकंही लिहिली. इथे प्राध्यापक आहेत. लिफ्टमध्येसुद्धा मुद्देसूद बोलतात. "पहिला मुद्दा, उकाडा. दुसरा, एसी." तिसऱ्याआधी आमचा मजला येतो.

पार्किंगमध्ये सावलीची जागा एकच आणि मजल्यावर बिऱ्हाडं तीन: ते, मी आणि पेशावरचे खानसाहेब. रोज हमरीतुमरी व्हायची. शेवटी प्रोफेसरांनी आम्हाला कॉफीला बोलावलं, साखरेचा खडा कॉफीत बुडवून चोखला आणि युद्धानंतर त्यांच्या देशात, आपसात लढलेल्या तीन जमातींनी मिळून राज्य करावं म्हणून आलेली पद्धत लागू केली. जागा आळीपाळीने, पण तिघांचा होकार असेल तरच.

माझी पाळी आली की खानसाहेबांचा नकार, त्यांची आली की माझा. प्रोफेसरांची आली की आम्हा दोघांचा. आता तिथे वॉचमनचं मांजर झोपतं आणि तिन्ही गाड्या उन्हात भाजतात.

परवा स्टिअरिंगला हात पोळला, तेव्हा लिफ्टमध्ये मी वैतागून विचारलं, "प्रोफेसर, असा देश चालतो तरी कसा?"

"पहिला मुद्दा, चालत नाही. दुसरा, कुणालाच पटत नाही."

मजला आला. या वेळी त्यांनी लिफ्टचं दार हाताने अडवून धरलं.

"तिसरा मुद्दा, हबीबी. तेव्हापासून कुणी कुणाला मारलेलं नाही."