नोरीनचं एकच गाणं

नोरीनला पोचवून आलो आम्ही, आणि मला काहीच होत नाहीये.

रडू नाही, काही नाही. घरी आल्यावर डिशवॉशर लावला. मग लक्षात आलं, भांडी धुतलेलीच होती.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिला आमच्याकडे गणपतीत बघितलंय. एडिसनमधल्या आमच्या घराशेजारचं निळं घर तिचं. सगळ्या आरत्या होईपर्यंत उभी राहायची आणि मोदक मात्र तूप न घेता खायची. बाबांना ते बघवायचं नाही.

ही बाई एकेकाळी स्टार होती.

खरंच. पन्नासच्या दशकात, एकोणीस-वीस वर्षांची असताना, तिचं एक गाणं अख्ख्या अमेरिकेत रेडिओवर वाजत होतं. मागे व्हायोलिन्स, पुढे ही, माइकच्या अगदी जवळ, हळू आवाजात. टीव्हीवर आली, मासिकांच्या कव्हरवर आली. नोरीन हे नावही रेकॉर्ड कंपनीनं दिलेलं. बाबा म्हणायचे, आपल्याकडे लग्नात नाव बदलतात, हिचं रेकॉर्डवर बदललं.

पण गाणं चाललं ते एकच.

पुढची सगळी पडली. तोवर गिटारवाली पोरं आली आणि हिचं हळू गाणं लोकांना जुनाट वाटायला लागलं. मग हॉटेलात गायली, सुपरमार्केटच्या ओपनिंगला गायली. शेवटी एका डेंटिस्टकडे रिसेप्शनवर लागली आणि तिथूनच रिटायर झाली.

ते गाणं तिनं नंतर कित्येक वर्षं म्हटलं नाही. कुणी आग्रह केला तर विषय बदलायची.

का, ते एकदा ड्राइव्हवेवर बसल्या बसल्या सांगितलं तिनं. कुठेही गेलं की लोक हे गाणं ऐकायचे, टाळ्या वाजवायचे आणि मग विचारायचे, "व्हॉट एल्स हॅव यू गॉट?" आणि तिच्याकडे आणखी काही नव्हतंच. हे हसत हसत सांगितलं तिनं. मला मात्र हसता येईना.

आई गेल्यावर बाबा सांगलीहून कायमचे आमच्याकडे आले. नोरीनशी त्यांची गट्टी कशी जमली, देव जाणे. बाबांचं इंग्लिश सरकारी पत्रासारखं, तिचं भरभर. रोज संध्याकाळी ड्राइव्हवेवर दोन खुर्च्या. बाबा फोनवर नाट्यसंगीत लावायचे, ती डोळे मिटून ऐकायची. एकदा म्हणाली, हा गायक श्वास चुकीच्या जागी घेतो. झालं! बाबांनी दोन दिवस खुर्ची बाहेर काढली नाही.

आणि याच बाबांनी मला न विचारता इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात तिचं नाव दिलं.

मी चिडले. म्हटलं, बाबा, ती गात नाही. तर म्हणे, विचारलंय, हो म्हणालीय. मी तिच्याकडे धावले. ती म्हणाली, तुझ्या वडिलांना नाही म्हणायचं कसं, ते मला अजून जमलेलं नाही.

हायस्कूलचं ऑडिटोरियम. नेव्ही ब्लू ड्रेस, केस सेट केलेले. विंगेत तिचा हात धरला तर बर्फ. मला म्हणाली, संपलं की ते दुसरं मागतील. मी म्हटलं, कुणी मागणार नाही गं, तुझ्यानंतर मुलांचं नाटक आहे, आधीच उशीर झालाय.

ती गायली.

आवाज थकलेला होता. पण बटाटेवड्यांच्या लाइनकडे निघालेले लोक दारातच थांबले. गाणं संपलं, टाळ्या झाल्या. तिचा चेहरा मला विंगेतून दिसत होता. तो प्रश्न आता येणार म्हणून ती उभी होती.

दुसऱ्या रांगेत आमचे बाबा उठून उभे राहिले.

"वन्समोअर!"

मग काय, सांगली, पुणे, नागपूर, सगळा हॉल सुरू झाला. वन्समोअर, वन्समोअर.

ती विंगेशी आली. काय हवंय यांना, म्हणून विचारलं.

"तेच गाणं," मी सांगितलं. "पहिल्यापासून."

"द सेम वन?"

"द सेम वन. आमच्याकडे आवडलं की तेच परत मागतात."

ती वळली. मग माइकपाशी गेली आणि कीबोर्डवाल्याला खूण केली. दुसऱ्यांदा गाताना मध्येच हसली. मग तिसऱ्यांदाही गायली. मुलांचं नाटक पार लांबलं, आणि मंडळाच्या सेक्रेटरी काकू अजून आमच्याशी धड बोलत नाहीत.

परत येताना गाडीत बसली, पट्टा लावला. मग म्हणाली, "नोबडी एव्हर वॉन्टेड द सेम वन."

त्यानंतर झाडांना पाणी घालतानासुद्धा तेच गाणं. आम्हाला पाठ झालं यार.

आज फ्युनरल होममध्ये आम्ही मोजकीच माणसं होतो. ओहायोहून आलेल्या तिच्या भाच्यानं शेवटी तेच गाणं लावलं. जुनं रेकॉर्डिंग, कोवळा आवाज. तीन मिनिटंही नसेल. संपलं. लोक कोट घालायला लागले.

माझ्या शेजारी बाबा काठी टेकून उठले. मला कळलं. मी त्यांची बाही धरली. "बाबा, इथे नको."

त्यांनी ऐकलं नाही. ओरडलेही नाहीत. पाणी मागावं इतक्या साध्या आवाजात म्हणाले,

"वन्समोअर."

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं.  तो गेला आणि त्यानं गाणं पहिल्यापासून लावलं.

कोट घातलेली माणसं परत खाली बसली.

आता बाबा बाहेर ड्राइव्हवेवर आहेत. दोन्ही खुर्च्या काढल्यात त्यांनी. मी अजून रडले नाहीये. रडू येईल कधीतरी.

नोरीन, श्रद्धांजली म्हणजे काय ते तुला समजावून सांगायचं राहिलंच. असू दे.

नीट जा गं.

आम्हाला दुसरं काहीच नको होतं. तेच हवं होतं.