एकाच्या जागी दोन डबे

इंजिनातला कार्बन काढायचं औषध एका वेळी एकच डबा मारायचं असतं. मी दोन मारले. गाडी माझी, डबे माझे, त्यामुळं जे झालं ते मलाच भोगावं लागलं असतं तर हे लिहायचं कारण नव्हतं.

मी जनावरांचा डॉक्टर आहे. राहायला कळंब्यात, आणि गारगोटी रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या दहाबारा गावांतले गोठे माझ्याकडं. दिवस असा जातो: दोन किलोमीटर गाडी, एक गोठा, तीन किलोमीटर गाडी, पुढचा गोठा. इंजिन तापायच्या आत बंद करायचं आणि गार व्हायच्या आत पुन्हा चालू करायचं. दहा वर्षं अशी चाललेली माझी पेट्रोल गाडी गेल्या वर्षी उभ्या जागी थरथरायला लागली. चढाला दम टाकायची. उद्यमनगरातल्या माझ्या मिस्त्रीनं बॉनेट उघडून थोडा वेळ कान दिला आणि सांगितलं, "कार्बन धरलाय. पळवत न्हाईसा तुम्ही गाडी, नुसती फिरवतासा."

गाडी दिवसभर ठेवा, मी औषध मारून देतो, असं त्याचं म्हणणं. दिवसभर गाडी ठेवली तर म्हशी थांबणार आहेत का, असं माझं. शेवटी तो म्हणाला, "मग घरात मारा. पर ध्यानात ठेवा. इंजिन तापवून, एकच डबा, दमादमानं. मारला की लगेच हायवेला काढायची आणि तिसऱ्या गिअरात कागलपर्यंत जाऊन यायचं. सुटलेली घाण धुरातनं भाईर गेली पायजे. कळलं?"

कळलं म्हणालो. शेतकरी मला असंच 'व्हय, कळलं' म्हणतात, आणि त्यातल्या निम्म्यांना काय कळलंय ते मला दुसऱ्या दिवशी गोठ्यात दिसतं.

त्यातल्या एका बाईबद्दल इथंच सांगायला हवं. साठीच्या पुढची, मी तिला आक्का म्हणतो. घरात ती आणि दोन म्हशी. त्यातल्या एका म्हशीवर तिचा भारी जीव, कारण दुधाला ती म्हैस तालुक्यात दाखवावी अशी. पण तीन वेतांत तिन्ही वेळा रेडाच झाला. रेड्याचं काय करायचं हा प्रश्न आमच्याकडं सगळ्यांनाच पडतो, रेडी म्हणजे मात्र उद्याची म्हैस. म्हशीचं वय होत चाललं होतं आणि आक्काला तिच्या पोटची एक रेडी हवी होती. भेटेल तेव्हा ती हेच बोलायची.

तिसऱ्या वेताच्या रेडकाला जंत झाले तेव्हा मी औषधाची बाटली दिली आणि अर्धी पाजायला सांगितलं. अर्ध्यानं काय होतंय म्हणून तिनं सगळी पाजली. जंत एकदम मेले आणि आतड्यात गोळा होऊन अडकले. दोन दिवस मी त्या रेडकापाशी बसून काढले, तेव्हा कुठं ते वाचलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आक्का मला दूध डेअरीच्या रांगेत दिसली आणि माझं डोकं फिरलं. "बाटलीवर लिहिलंय ते वाचता येत नसेल तर विचारावं माणसानं. डॉक्टर तुम्ही का मी?" वीसेक माणसं किटल्या धरून उभी होती. काहीजण हसले. आक्कानं किटली या हातातली त्या हातात घेतली. मला त्या वेळी आपण चांगलं काम केल्यासारखं वाटलं होतं. माणसं अशी चारचौघांत बोलल्याशिवाय सुधारत नाहीत, असं माझं मत होतं.

तर, रविवारी दुपारी मी दारात गाडी तापवली. इंजिनात हवा जाते तो पाइप सोडवला आणि डब्याची बारीक नळी त्यात घातली. बायको दारात खुर्ची टाकून बसली होती. तिनं चष्मा लावून डब्यावरचं वाचून दाखवलं: एका वेळी एकच डबा.

"कंपन्या असंच लिहितात," मी म्हणालो.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," ती म्हणाली, आणि पुढचं मला ठाऊक असल्यामुळं तिथंच थांबली.

पहिला डबा संपला तेव्हा मागून पांढरा धूर आला, शेजारणीनं तारेवरचे कपडे काढून नेले, आणि इंजिनाचा आवाज खरोखरच थोडा मऊ झाला. एका डब्यानं एवढं, तर दोनानं किती, हा हिशेब माझ्या डोक्यात कसा आला ते मला ठाऊक आहे. दहा वर्षांचा कार्बन आहे, एका डब्यानं काय होतंय. दुसरा डबा मी दमादमानंसुद्धा मारला नाही. ऊन होतं, मटणाचं जेवण झालं होतं, डोळे जड झाले होते. कागलला संध्याकाळी जाऊ म्हणून आडवा झालो. संध्याकाळी पाहुणे आले. कागल राहिलं.

सोमवारी सकाळी सहाला आक्काचा फोन आला. "म्हस अडलीया डॉक्टर. पाय दिसत्यात, तोंड न्हाय."

म्हणजे रेडकाची मान आत वळलेली. असं रेडकू तासाभरात काढलं तर हाती लागतं, पुढं अवघड. "अर्ध्या तासात आलो," मी म्हणालो. "तोवर कुणालाही हात घालू देऊ नका." हे मी प्रत्येकालाच सांगतो. गावात एखादा तरी हौशी असतो, तो ओढाओढ करून म्हशीचं पोट फाडून ठेवतो.

"न्हाय देत," ती म्हणाली.

गाडी चालू झाली, पण आवाज फाटका होता. कळंब्याचा तलाव मागं पडला तेव्हा ती हिसके द्यायला लागली. गाव चार किलोमीटरवर राहिलं असताना चढावर बंद पडली. शहाण्या माणसानं तिथंच गाडी सोडून दुसरं काही बघितलं असतं. मी पाऊण तास चावी फिरवत बसलो. गाडी कालच साफ केली होती, त्यामुळं ती बंद पडली आहे हे मला पटतच नव्हतं. मधे आक्काचा फोन आला. "आलोच," म्हणालो. पुन्हा आला. पुन्हा "आलोच" म्हणालो. शेवटी दुधाच्या टेम्पोला हात केला. तो वाटेतल्या प्रत्येक डेअरीपाशी थांबून कॅन चढवत होता, आणि त्याला घाई कर म्हणायला मला तोंड नव्हतं.

गोठ्यात पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. गल्लीतला एक म्हातारा दाराशी भिंतीला टेकून उभा होता. डॉक्टर यायच्या आधीच्या काळात गावातल्या अडलेल्या म्हशी तोच सोडवायचा, असं मी ऐकून होतो. मला बघून एवढंच म्हणाला, "मान डाव्या अंगाला हाय. पायांवरनं कळतंय."

मान डावीकडंच होती. पाय मागं ढकलून, मान सरळ करून रेडकू बाहेर काढायला चाळीस मिनिटं लागली. म्हैस वाचली. रेडकू मेलेलं होतं. ती रेडी होती. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. मी हात धुतले. आक्का रेडीजवळ बसून तिच्या तोंडावरचं पुसत होती, ते पुसून आता काही होणार नव्हतं.

"गाडी बंद पडली वाटेत," मी म्हणालो.

"मशीन हाय ते," ती म्हणाली. "त्याला कोण काय करणार."

निघताना सुया-औषधं भरत होतो तेव्हा तिनं चिकाची किटली माझ्या हातात दिली. म्हैस व्याली की पहिला चीक डॉक्टरच्या घरी जातो, ही आमच्याकडची रीत. रेडकू जवळ नसल्यामुळं म्हैस पान्हा सोडत नव्हती, तरी आक्कानं अर्धा तास तिला थोपटून, चुचकारून तेवढा काढला होता. नको म्हणायला मला कारण सुचलं नाही. बायकोनं खरवस केला. मी वाटी तशीच बाजूला सारली, आणि का ते तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं इंजिन खोललं. मला बोलावून घेतलं आणि तळहातावर काळी खपली ठेवून दाखवली, ज्वारीच्या दाण्याएवढी.

"व्हॉल्व्हखाली बसलीती. प्लग सगळे भरल्यात. किती मारलासा?"

"दोन."

"एकानं भागत न्हाय वाटलं? आणि पळवली का नंतर?"

"नाही."

"मग मी काय भिंतीला सांगत हुतो? औषध नुसतं सोडवतंय. सुटलेलं भाईर काढाय नगं? एकदम एवढं सुटलं, आणि तुम्ही गाडी झोपवून ठेवली. मग ते वाट मिळंल तिथं बसलं." त्यानं खपली फडक्याला पुसली. "अति तिथं माती, डॉक्टर. शिकलेली माणसं तुम्ही."

मेलेले जंत आतड्यात कसे अडकतात हे मी आक्काला जसं समजावलं होतं, त्याच चालीत तो मला समजावत होता. फक्त त्याच्या गॅरेजात त्या वेळी तिसरं कुणी नव्हतं. मला लाज वाटली, आणि कुणी ऐकलं नाही याचं बरंही वाटलं. ते बरं वाटणं मला जास्त लागलं.

म्हशीला इंजेक्शनं द्यायला मी तीन दिवस बायकोच्या स्कूटरवरून जात होतो. आक्का रोज चहा द्यायची, गाडी दुरुस्त झाली का विचारायची. मी अजून नाही म्हणायचो. सांगायचं म्हणून जायचो आणि चहा पिऊन यायचो. गोठ्यात सांगणं तसं सोपं होतं, दोघंच असायचो. पण तिला मी टाकून बोललो होतो ते गोठ्यात नव्हे.

चौथ्या दिवशी सकाळी डेअरीवर गेलो. रांग तेवढीच होती, आक्का मधे कुठंतरी होती. मी स्कूटर लावली आणि तिच्यासमोर जाऊन सांगितलं. आवाज मुद्दाम मोठा ठेवला नाही, पण लहानही नाही. "आक्का, त्या दिवशी गाडी आपोआप बंद पडली नव्हती. इंजिनाला औषध मारलं होतं. एकच डबा मारा म्हणून मिस्त्रीनं सांगितलं होतं, डब्यावर लिहिलेलंही होतं. मी दोन मारले. मारल्यावर गाडी पळवायची होती, ती पळवली नाही. म्हणून उशीर झाला आणि रेडी गेली."

रांगेत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मग आक्काचा नंबर आला, तिनं दूध ओतलं, फॅटचं मशीन बघितलं, चिठ्ठी घेऊन कमरेला खोवली आणि परत माझ्यापाशी आली.

"म्हातारा दारात आलता, डॉक्टर," ती म्हणाली. "दोनदा आलता. तुम्ही हात घालू देऊ नका म्हटलासा, म्हणून माघारी लावला. म्हटलं, यावेळी सांगतील तसंच करायचं."

तिनं किटली या हातातली त्या हातात घेतली.

"पुढच्या वेताला आधी त्याला बोलवीन," ती म्हणाली. "मागनं तुम्हाला फोन करीन."

मी बरं म्हणालो.