काकूंनी न केलेली बरोबरची खूण

आमच्या तळमजल्यावरच्या काकूंनी माझ्या एकाही गणितावर बरोबरची खूण केली नाही. लालबागच्या चाळीत त्यांच्या दारात मसाल्याच्या मिरच्यांची पोती असायची. देठ खुडता खुडता त्या वर्गसमीकरणं शिकवायच्या आणि मी शिंकत शिंकत सोडवायचे. उत्तर पुढे केलं की वहीकडे न बघताच म्हणायच्या, "माका कित्याक इचारतंस गो? गुणून बघ." मला भयंकर राग यायचा.

दहावीला बीजगणितात मी आपटले होते. बाबांनी दादरच्या एका साडीच्या दुकानात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला. जुलैच्या पुरवणी परीक्षेत सुटले तर कॉलेज, नाहीतर साड्यांचं काउंटर. बाबा वाईट नव्हते, पण एकदा बोलले की बोलले. आईने मला गुपचूप काकूंकडे पाठवलं.

माझी खोड अंदाज ठोकायची. x² + 2x − 15 दिसलं की तीन आणि पाच सुचायचे आणि मी धडाधड (x + 3)(x − 5) लिहून मोकळी. काकू कंस गुणायला लावायच्या. मधलं पद यायचं वजा 2x. "हा वजा कुठून आला? तुझ्या मामाने आणला?" मग पंधराच्या सगळ्या जोड्या, अधिक-वजासकट, समासात मांडायच्या. एकदा चिडून मी मिरचीच्या हातांनीच डोळे पुसले आणि अंगणभर नाचले. काकूंनी पाण्याचे हबके मारले, दुधाची पट्टी ठेवली आणि डोळे उघडल्यावर तेच गणित पुन्हा पुढ्यात ठेवलं.

पेपरात पहिल्याच समीकरणाला चिन्ह उलटं पडलं. गुणल्यावर कळलं. खोडलं, पुन्हा मांडलं. सुटले मी.

गुणपत्रिका घेऊन आधी काकूंकडे गेले. पदराला हात पुसून त्यांनी ती धरली, ती खाली ठेवीचनात.

"मी दोनदा नापास झाले गो या विषयात," त्या म्हणाल्या. "मग लग्नच लावून दिलं. मुलीच्या पुस्तकातून शिकले नंतर. चुकतंय की जमतंय, सांगायला घरात होतं कोण?"

मला रडूच आलं. चार दिवसांनी बाहेरून दहावीच्या परीक्षेला बसायचा फॉर्म मी त्यांच्या पुढ्यात ठेवला. "वेडी काय तू?" म्हणत त्यांनी सही केली.

मार्चमध्ये त्यांना केंद्रावर सोडायला मी गेले. शाळकरी पोरांच्या रांगेत काकू इस्त्रीच्या साडीत ताठ उभ्या होत्या. पास झाल्या.

आज मी परळच्या शाळेत गणित शिकवते, ते काकूंमुळे. गेल्या वर्षी काकू गेल्या. काकूंची आठवण म्हणून काय हवं, असं त्यांच्या मुलीने विचारलं. मी काकूंची दहावीची गुणपत्रिका मागितली. तिने दिली नाही. तिच्या जागी असते तर मीही दिली नसती.