सरड्यांना पांघरूण

मुलीने घरात सरडे आणले तेव्हा मी विरोध केला नाही, याचं श्रेय मी आजही मागतो आणि घरात ते कोणी देत नाही. ती तेव्हा प्राणिशास्त्रात एमएस्सी करत होती. सरड्याचं अंग किती तापलं की तो किती वेगाने पळतो, आणि वयाने त्यात काय फरक पडतो, हा तिचा प्रकल्प. सरडे आमच्या मांजरी गावातलेच, सोसायटीच्या कुंपणापलीकडे उसाच्या बांधावर ऊन खात बसणारे. रीतसर परवानगी होती. पकडलेला प्राणी दुसऱ्या दिवशी बाराच्या आत पकडल्या जागी सोडायचा, ही अट.

जानेवारीतला तो रविवार मोजणीचा शेवटचा. तीन सरडे उरले होते. दोन बोटभर लांबीची पिल्लं आणि एक थोराड नर, शेपटीचं टोक तुटलेला. सरड्याला कोणी वय विचारत नाही, आकारावरून धरतात. एवढा मोठा नर तिला तीन आठवडे बांध तुडवल्यावर आदल्या दिवशी मिळाला होता. सोमवारी आकडे तिच्या मार्गदर्शक मॅडमच्या हातात हवे होते. तेव्हा हा गृहस्थ बाराच्या आत, ऊन खाऊन, एकदा पळायला हवा होता. नाहीतर तक्त्यात त्याची जागा रिकामी.

अंगाचं तापमान मोजायची बारीक तार कसबा पेठेत मैत्रिणीकडे राहिली होती. ती आणायला मुलगी सकाळी सहालाच निघाली. जाताना मला उठवून म्हणाली, पेट्या बाल्कनीत आहेत, ऊन येईल तसं येऊ दे, तू काही करू नकोस.

काही न करणं मला निवृत्तीनंतरही जमेल असं वाटत नाही. बाल्कनीत गेलो तर शेताकडून बोचरं वारं येत होतं. जाळीच्या झाकणाखाली थोराड सरडा पोट टेकून पडला होता, काळपट, मातीच्या ढेकळासारखा. मी टिचकी वाजवली. त्याने पापणीही उचलली नाही. मला स्वतःला सकाळी पलंगावरून उतरताना आधी डाव्या गुडघ्याची संमती घ्यावी लागते, त्यामुळे मला त्याचं दुःख एकदम कळलं. आत जाऊन गोधडी आणली, तिन्ही पेट्यांवर पसरली, कडा नीट खाली खोचल्या. आठच्या सुमारास त्यावर ऊन आलं. मी वरून हात लावून पाहिला, गोधडी छान तापली होती. मग समाधानाने पेपर वाचला.

साडेनऊला मुलगी आली. तिने गोधडी पाहिली. उचलून बाजूला केली, आणि थोराड सरडा हातात घेतला. तो हातात जसा ठेवला तसाच राहिला.

"बाबा, हे कोणी केलं?"

घरात संशयित दोनच होते आणि त्यातली एक स्वयंपाकघरात पोहे करत होती.

मी थंडीचं सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, चिडण्याच्या पलीकडे गेल्यासारखी. "गोधडी ऊब देत नाही बाबा. आपलीच ऊब आपल्याला परत देते. ह्याच्याकडे स्वतःची आहे कुठे? तू ह्याला दीड तास सावलीत ठेवलंस."

आतून बायको म्हणाली, "ही लहान असताना रात्री कधी पांघरूण घालायला उठला नाहीत."

गोधडी काढली आणि पंधरा मिनिटांत ढग आले. मग सुरू झालं आमचं येरझारा घालणं. मी बाल्कनीतून हॉलमध्ये, हॉलमधून बाल्कनीत. ढग सरकला की मुलगी पेट्या उन्हाच्या पट्ट्यात ढकले, पट्टा सरकला की परत. मी म्हणालो, हेअर ड्रायर लावू का. ती म्हणाली, बाकीचे सगळे उन्हात तापलेत, ह्यालाच वेगळं तापवलं तर तुलना कशाशी करू. मी टेबललॅम्पचं नाव काढणार होतो, ते गिळलं.

पिल्लं लवकर सुधारली. लहान जीव, चटकन तापतो, चटकन निवतोही, असं तिने आधी मला समजावलं होतं. फळीवर काचपेपर चिकटवून तिने मीटरभराची धावपट्टी केली होती. तारेने तापमान घ्यायचं, रंगाच्या ब्रशने शेपटीला स्पर्श करायचा, मोबाईलवर वेळ टिपायची. दोन्ही पिल्लं अशी सुटली की मला मान वळवायलाही वेळ मिळाला नाही.

थोराड मात्र चार पावलं चालला आणि थांबला. तापमान घेतलं, कमीच. पुन्हा उन्हात. सव्वाअकराला पुन्हा फळीवर. पाच पावलं. साडेअकराला बाल्कनीतलं ऊनच संपलं.

मी हळूच म्हणालो, "अंदाजे लिही गं. तापला असता तर किती पळाला असता, तुला माहीतच आहे."

"मग सरडे कशाला धरले बाबा? तुलाच विचारून लिहिलं असतं."

थोराडाची पेटी मी उचलली, पिल्लांच्या तिने. बांधावर पोचलो तर तिथे लख्ख ऊन. पिल्लं सोडून कुंपणाच्या तापलेल्या दगडावर तिने थोराडाला ठेवलं. बाराला सात मिनिटं होती. फळी घरी होती. मी पळत जाऊन आणतो म्हणालो. तिने माझ्या गुडघ्याकडे नुसतं पाहिलं.

आम्ही उभे राहिलो. कोतवाल पक्षी तारेवर येऊन बसला, मी हातवारे करून त्याला उडवला, तो पुन्हा येऊन बसला. सरड्याचा काळपटपणा हळूहळू उतरत गेला. त्याने मान वर केली, दोनदा खालीवर हलवली. आणि गेला. दगडावरून कुंपणावर, कुंपणावरून उसात, पाचटाचा आवाज आला तेवढाच.

मुलीने मोबाईल खिशातून काढलाही नव्हता.

सोमवारी तिने जागा रिकामीच दिली. मॅडमनी चालवून घेतली. प्रबंध बांधून आला तेव्हा मी आधी तो तक्ता शोधला. थोराड नरापुढे आडवी रेघ आहे आणि खाली बारीक अक्षरात टीप, की या प्राण्याला त्या सकाळी पुरेसं ऊन मिळालं नाही.

कोणामुळे, ते तिने लिहिलेलं नाही. मी तिला विचारलं, तर म्हणाली, शास्त्रात लागतं तेवढंच लिहितात.