झाकणाच्या आतली खूण

माझ्या धाकट्या दिराला गल्लीत सगळे भिंगवाले म्हणतात. त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान एवढं अरुंद आहे, की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्यानं फुटपाथवर उभं राहायचं. चाळीस वर्षं एका डोळ्याला भिंग अडकवून बसल्यामुळे तो डोळा आता भिंग नसतानाही अर्धवट मिटलेला असतो. लोकांना वाटतं, हा डोळा मारतोय. एकदोन बायका रागावून गेल्याही आहेत.

भारी कंपनीचं वापरलेलं घड्याळ घ्यायचं असलं की लोक ते आधी त्याला दाखवायला आणतात. खरं आहे की नकली, एवढाच प्रश्न असतो. निवृत्तीनंतर मी दुपारची तिथे वाचत बसते, त्यामुळे त्याची तपासणी मला पाठ झाली आहे. आधी तबकडीवरची अक्षरं. अस्सल अक्षराची कड भिंगाखालीही सुरीनं कापल्यासारखी दिसते, नकली अक्षराची शाई पसरलेली असते. मग चावी फिरवून काटे अडखळतात का, तारीख बाराच्या ठोक्याला बदलते का. कडेवरचा नंबर नीट कोरलेला आहे की नुसता खरवडलाय. वजनावर जाऊ नका, असं तो सगळ्यांना बजावतो. हल्ली नकली घड्याळंही जड करतात. डबा आणि हमीपत्र कुणी पुढे केलं तर तो न बघता बाजूला सारतो. कागद काय, कुणीही छापेल. शेवटी मागचं झाकण उघडून आतलं मशीन. विकणारा झाकण उघडू देत नसेल तर तिथूनच उठावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दीर मात्र ‘बघू या’ म्हणतो. त्याच्या ‘बघू या’त माझं अर्धं आयुष्य गेलं.

गेल्या वर्षी एक डॉक्टरीण आली. मोठ्या इस्पितळात भूल देण्याचं काम करणारी. तिच्या वडिलांना तरुणपणापासून एक विशिष्ट घड्याळ हवं होतं, आणि ते तिला जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडलं होतं. दुकानदार स्वतः घड्याळ घेऊन बरोबर आला होता. दिरानं तबकडी पाहिली, चावी पाहिली, नंबर पाहिला, झाकण उघडलं आणि हसला.

घड्याळ दुरुस्त करणारा झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं आपली खूण आणि साल कोरून ठेवतो. मालकाला ती कधी दिसत नाही, पुढच्या कारागिराला दिसते. इथे खूण त्याचीच होती, सव्वीस वर्षांपूर्वीची. त्याला ते घड्याळ आठवलं, तेव्हाचा मालक आठवला, मालकाचा खोकलासुद्धा आठवला. “बिनधास्त घ्या,” तो डॉक्टरणीला म्हणाला, “हे माझ्या हाताखालून गेलंय.” दोन मिनिटांत झाकण बंद.

दोनेक महिन्यांनी एक अनोळखी माणूस त्याच कंपनीचं घड्याळ घेऊन आला. चालता चालता थांबतं, म्हणाला. वरचं अंग तद्दन नकली होतं, ते दिरानं हातात घेताच ओळखलं. आतलं मशीन मात्र अस्सल. आणि त्यात एक स्क्रू बाकीच्यांपेक्षा जरा निळा होता. सव्वीस वर्षांपूर्वी डॉक्टरणीच्या त्या घड्याळासाठी भाग मिळेना म्हणून दिरानं तो स्वतः कानशीनं घासून बनवला होता.

त्यानं त्या माणसाला खरं ते तिथल्या तिथे सांगितलं. माणूस चिडला, घड्याळ खिशात घालून चालता झाला, नाव-पत्ताही देईना. दीर उठून पाणी प्यायला. मग मला सांगितलं, की कुणीतरी एका खऱ्या घड्याळाची दोन केली आहेत. खरं मशीन या माणसाच्या खिशात गेलं, आणि डॉक्टरणीच्या वडिलांच्या मनगटावर खऱ्या झाकणाखाली नकली मशीन चालतंय.

खोटं कशाला सांगू, मी त्याला गप्प बसायला सांगितलं. म्हातारा खूश आहे, घड्याळ वेळ दाखवतंय, आणि तुझं चाळीस वर्षांचं नाव आहे. त्यानं वाद घातला नाही. कागद माझ्यापुढे केला आणि डॉक्टरणीच्या नावानं चिठ्ठी लिहायला सांगितली, म्हणजे ती दाखवून तिला घड्याळ दुकानदाराला परत करता येईल. मी झकास लिहिलं: सदर घड्याळात विक्रेत्याने फेरफार केल्याचे तपासणीअंती निष्पन्न झाले आहे.

त्यानं वाचलं आणि डोळ्यावरचं भिंग काढलं.

“वहिनी, यात मी कुठाय?”

“तुझा काय संबंध? फसवलं त्यांनी.”

“कुणी फसवलं ते मला माहीत नाही. मी झाकण उघडलं आणि स्वतःचीच सही वाचत बसलो. मशीन नीट बघितलंच नाही. तेवढं लिहा.”

“असं लिहून दिलंस तर उद्यापासून माशा मारत बसशील.”

“बसेन.”

चिठ्ठी तीन ओळींची झाली. ती घेऊन आम्ही दोघं इस्पितळात गेलो. डॉक्टरणीनं ती शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर, डोक्यावरची टोपीही न काढता, उभ्यानंच वाचली. ती आरडाओरडा करेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती.

“काका, मी फक्त तुमच्या शब्दावर घेतलं होतं,” ती म्हणाली.

“हो,” दीर म्हणाला.

दुकानदारानं बरीच हुज्जत घालून घड्याळ परत घेतलं, आणि त्या चिठ्ठीचा फोटो बाजारभर फिरवला. भिंगवाल्याला दिसेनासं झालंय, स्वतःच लिहून दिलंय बघा. वडिलांना डॉक्टरणीनं काय सांगितलं, ते आम्हाला कळलं नाही. पाच महिने कुणी घड्याळ पारखायला आणलं नाही. दीर भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करत आणि बॅटऱ्या बदलत बसला.

गेल्या आठवड्यात एक नवराबायको आले. दिरानं सांगितलं, दोन दिवस लागतील, मशीन पूर्ण बाहेर काढून बघावं लागेल. नवरा म्हणाला, पलीकडचा पाच मिनिटांत सांगतो. मी पुस्तक मिटून त्याला दोन शब्द सुनावणार होते, पण दिरानं मला हातानं थांबवलं.

“जा ना त्याच्याकडे,” तो म्हणाला. “फक्त झाकण बघून परत लावू देऊ नका. मशीनवरही नंबर असतो, तो वाचून दाखवायला सांगा.”

नवरा तोवर रस्त्यावर पोचलाही होता. बायको मात्र थांबली. नंबर मशीनवर नेमका कुठे असतो ते तिनं दोनदा विचारलं, आणि कागद सापडेना म्हणून तळहातावर लिहून घेतलं.